पोलादी सुटे भाग

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन वाजला की दादा तो स्पीकरवर टाकतो आणि मग आपण दोघी हवामानावर बोलत बसतो. म्हणून हे पत्र.

काल आमच्या बंदरात व्यापारमंत्री येऊन गेले. निमित्त काय, तर समुद्रापलीकडच्या बड्या देशाला आपली निर्यात एकदम दुप्पट झाली. आता यात आपली कर्तबगारी किती, हे आमच्या कस्टम कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक आहे. बड्या देशाचं आणि आपल्या पूर्वेच्या शेजाऱ्याचं बिनसलं, त्याने शेजाऱ्याच्या मालावर जबर कर बसवला, आणि ते गिऱ्हाईक आपल्या दाराशी आलं. दोघांच्या भांडणात आपल्याला लॉटरी लागली, एवढंच. पण मंत्र्यांचं भाषण ऐकलं असतंस तर तुला वाटलं असतं, हा माणूस बाह्या सरसावून एकेक नग स्वतः घडवतो आणि डोक्यावर वाहून बोटीत चढवतो.

मग एका कंटेनरसमोर फीत बांधली होती ती कापायची वेळ आली. मखमली तबकातून कात्री आली. दादाच्या कारखान्याची, तिच्यावर आपला शिक्का. मी शेजारच्या अधिकाऱ्याला ऐटीत सांगितलं की ही आमच्या घरची कात्री, माझी वहिनी प्रत्येक कात्री ओल्या फडक्यावर चालवून बघते आणि मगच दाराबाहेर सोडते. मंत्र्यांनी कात्री दाबली. फीत दोन पात्यांत दुमडली आणि अडकून बसली. पुन्हा दाबली, तर पातीच एकमेकांपासून फाकली. शेवटी आमच्या मोठ्या साहेबांनी फीत दोन्ही हातांनी ओढून तोडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा अधिकारी सभ्य आहे, तो फक्त खोकला.

वहिनी, ही कात्री तुझ्या हाताखालून सुटली कशी?

तुझी,
ठमा


१५ फेब्रुवारी

प्रिय ठमाबाई,

पत्र पोचलं. एखादा नग नजरेतून सुटतो, त्याचं एवढं मनावर घेऊ नये. इकडे सर्व ठीक. कारखाना जोरात आहे, दोन पाळ्या चालतात. तुझ्या दादाला उसंत नाही. त्याला यंदाचं उत्कृष्ट निर्यातदाराचं पारितोषिक मिळणार असं कळतं. तुला ऐकून आनंद होईल. थंडी कमी झाली आहे. तब्येतीला जप.

तुझी,
वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वाचून मी पाकीट पालथं करून पाहिलं, चुकून दुसऱ्याच कोणाचं आलं की काय. 'एवढं मनावर घेऊ नये' हे तू लिहिलंस? मी एकदा तुझी कात्री पुठ्ठा कापायला घेतली तर तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस.

मी विचार केला आणि माझी खात्री झाली. तुझे डोळे गेलेत आणि तू ते लपवते आहेस. दोन पाळ्यांचा माल एकटीने तपासायचा म्हणजे डोळ्यांची खापरं होणारच. दादाला काय, त्याला नुसती बोटीत चढणारी पेटी दिसते, बायको दिसत नाही. तू सरळ इकडे निघून ये. आमच्या गल्लीत डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे. चष्मा लागला म्हणून कोणी हसत नाही. हसलं तर मी आहे.

ठमा


३ मार्च

ठमाबाई,

माझे डोळे धड आहेत. घरात सुईत दोरा अजून मीच ओवते. मागचं पत्र मी टपालात टाकायला तुझ्या भावाकडे दिलं होतं. पाकीट उघडं असलं तर तो आतलं वाचतो, आणि चिकटवलेलं असलं तर का चिकटवलं म्हणून विचारतो. तेव्हा ते पत्र मी त्याला लिहिलं होतं असं समज. हे तुला आहे. हे मी स्वतः पोस्टात जाऊन टाकते आहे.

ती कात्री माझ्या हाताखालून गेलीच नाही. हिवाळा लागल्यापासून माझ्या हाताखालून काहीच गेलेलं नाही. भट्टी बंद आहे. घणाच्या शेडमध्ये आता लांबलचक टेबलं मांडली आहेत. दर आठवड्याला ट्रक येतो, त्यात शेजारी देशातून आलेल्या तयार कात्र्या असतात. आपली माणसं त्यांच्यावरचा शिक्का घासून काढतात, आपला मारतात, 'या देशात बनवलेली' असं लेबल डकवतात आणि पेटी पुन्हा बंद करतात. ज्या दोन पाळ्यांचं मी कौतुक लिहिलं त्या या. घाम म्हणशील तर तो आता फक्त गोंद लावताना येतो.

हेडमिस्त्रींना तू ओळखतेस. पोलादाला पाणी द्यावं तर त्यांनीच. त्यांना लेबलं डकवायला बसवलं आहे. ते एकेक लेबल तिरपं लावतात. तुझ्या भावाने कारण विचारलं तर म्हणाले, "साहेब, खोटं सरळ कसं लावू?" त्यावर तुझा भाऊ हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

मी भांडले नाही असं नाही. मी म्हटलं, निदान मला तपासू तरी दे. तो म्हणाला, "तपासायचंय काय त्यात? विकायचंय." तेव्हापासून मी माझ्या खोलीत नुसती बसते. खोलीला तो अजून 'गुणवत्ता विभाग' म्हणतो आणि पाहुणे आले की दार उघडून मला दाखवतो.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर मीही मंत्रीच. पगार वेळेवर होतात. मागची दोन वर्षं होत नव्हते.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

डोळ्यांबद्दल क्षमा कर. माझे गेले होते.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी उठून आयातीच्या शेडमध्ये गेले. दादाच्या नावाने आलेल्या पेट्यांची चळत उभी होती. कागदावर मालाचं वर्णन 'पोलादी सुटे भाग'. मी एक पेटी उघडायला लावली. सुटे भाग एकमेकांना छान जोडून, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेले. म्हणजे कात्र्या. पलीकडे छत्रीवाल्याचे सुटे भाग होते, ते उघडल्यावर छत्र्या निघाल्या. चष्म्याच्या फ्रेमवाल्याचे सुटे भाग तर चक्क नाकावर बसत होते. या देशात आता कोणी काही घडवत नाही बहुतेक. एका दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर, आणि मध्ये गोंदाची बाटली.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आत येतं तेव्हा आयात वाढते, बाहेर जातं तेव्हा निर्यात वाढते. शेजारी खूश, बडा देश खूश, मंत्री खूश. त्रास तुम्हालाच का होतो?" वर मला चहा पाजला. म्हणजे त्यांना सगळं आधीपासून माहीत आहे. न माहीत असलेल्या माणसाने चहा पाजला नसता.

आता असं आहे. बाहेर जाणारा माल इथेच बनलेला आहे, असा दाखला मी सही केल्याशिवाय निघत नाही. आजवर मी त्या सह्या डोळे मिटून केल्या, कारण दादाचा कारखाना म्हणजे तुझी तपासणी असं मी धरून चालले. आता तसं धरता येत नाही. मी कंटेनर अडवू शकते. पण त्या कंटेनरमध्ये नुसता दादा नाही, तू आहेस, मिस्त्री आहेत, त्यांचे वेळेवरचे पगार आहेत. मी एकटीने ठरवलं तर तेही मंत्र्यासारखंच होईल. तू सांग.

ठमा


१८ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमन माझ्याच हातात देऊन गेला. मी ते वाचलं. घरात आलेलं पत्र घरच्या माणसाने वाचलं तर आभाळ कोसळत नाही. वाचून तुझ्या वहिनीला दिलं, तेव्हा चोरी केली असं म्हणू नकोस.

तू आणि ती मिळून मला चोर ठरवून बसला आहात, म्हणून चार गोष्टी सांगतो. बड्या देशातला आपला व्यापारी गेली कैक वर्षं माझ्याशी एकच वाक्य बोलतो: आणखी कमी करा. मी कमी केलं. तो पुन्हा म्हणाला, कमी करा. त्याला शेजाऱ्याची कात्री आपल्या निम्म्या भावात मिळत होती. मी उत्तम कात्री दिली तेव्हा ती त्याला महाग पडली. आता तीच शेजाऱ्याची कात्री माझ्या शिक्क्याने देतो, तर तो मला वाढदिवसाचं कार्ड पाठवतो. त्याला कळत नाही असं तुला वाटतं का? त्याला सगळं कळतं. मग फसवलं कोणाला? भट्टी पेटती ठेवली असती तर आज फाटकाला कुलूप असतं आणि तुझे ते मिस्त्री फाटकाबाहेर लेबलाशिवाय बसले असते. सरकारी पगार खाऊन पोलादाच्या गप्पा मारणं सोपं असतं.

२८ तारखेला आपला मोठा कंटेनर बंदरात लागतो. त्या दिवशी तू रजा घे. डोकं दुखतंय म्हण. इतकी वर्षं आमचं दुखवलंस, एक दिवस तुझं दुखू दे. तुझ्या जागी जो असेल तो सही करील. पारितोषिकाच्या समारंभाचं आमंत्रण तुला वेगळं पाठवतो.

दादा


२० मार्च

ठमाबाई,

तुझं पत्र मला उघडं मिळालं, वर तुझ्या भावाच्या बोटाचं तेल. त्याने तुला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण अंदाज आहे. त्यातलं निम्मं खरं असेल. तो खोटं बोलताना नेहमी निम्मं खरं घालतो, म्हणून तर धंदा चालतो.

तू विचारलंस म्हणून मी तुझा भाऊ बँकेत गेला असताना शेडमध्ये गेले आणि सगळ्यांना सरळ सांगितलं की असं असं आहे, कंटेनर अडला तर काम थांबेल, पगार थांबतील. एक जण म्हणाला, त्याच्या घरी दोन महिने निघतील, पुढचं बघू. दुसरा म्हणाला, त्याचे नाही निघणार, आणि तो खाली मान घालून पुन्हा शिक्के घासायला लागला. मला त्याचाही राग आला नाही. शेवटी मिस्त्री म्हणाले, "घरी मुलगी विचारते, बाबा आज काय बनवलं? मी सांगतो, काही नाही. हे आता सांगवत नाही."

अडव. माझी दया येऊन सोडलास तर मला तोंड दाखवू नकोस.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

मी रजा घेतली नाही. डोकंही दुखलं नाही.

कंटेनर उघडला तेव्हा दादा स्वतः हजर होता, नवा कोट घालून. मी एक कात्री काढली आणि भिंगाखाली धरली. आपल्या शिक्क्याखाली शेजाऱ्याच्या शिक्क्याची तीन अक्षरं अर्धी घासलेली तशीच होती. घासायलाही आळस केला होता. मी दाखला नाकारला आणि कंटेनरला सील ठोकलं. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, याचे परिणाम होतील." ज्याने मला कडेवर घेऊन ठमी हे नाव दिलं, त्याने मला मॅडम म्हटलं. मी म्हटलं, "होऊ देत, निर्यातदार." आणि मग आम्ही दोघेही वेगवेगळ्या दिशांना बघत उभे राहिलो, लहानपणी भांडल्यावर राहायचो तसे. फरक एवढाच की आता आई हाक मारायला नव्हती.

माझी मर्दुमकी संध्याकाळपर्यंत टिकली. राजधानीतून फोन आला. तिमाही संपत आली होती आणि मंत्र्यांना आकडा हवा होता. मोठ्या साहेबांनी सील काढलं, दुसऱ्याकडून सही घेतली, आणि मला सांगितलं की तुम्ही फार दगदग करता, तुमची बदली आकडेवारी विभागात केली आहे. कंटेनर सुटला, पण तोवर बोट निघून गेली होती. पुढच्या बोटीची वाट बघत तो धक्क्यावर उभा आहे. एवढंच काय ते मी केलं. एक बोट चुकवली.

ठमा


२६ एप्रिल

ठमाबाई,

त्या एका बोटीची गंमत ऐक.

पेपरात तू वाचलंच असशील. बड्या देशातल्या कोणीतरी एकदाचं कागद समोर ठेवून विचार केला की एवढासा देश अचानक एवढ्या कात्र्या, एवढ्या छत्र्या आणि एवढे चष्मे बनवतो कुठून. झालं. शेजाऱ्यावर होता तोच कर आपल्यावर. जो माल पाण्यावर होता तो तिकडच्या व्यापाऱ्यांनी घ्यायला नकार दिला. वाढदिवसाची कार्डं पाठवणारे तुझ्या भावाचा फोन उचलेनात. छत्रीवाल्याचा माल तिकडच्या बंदरातच लिलावात गेला, तो पार बसला. आपला मोठा कंटेनर मात्र बोट चुकल्यामुळे इथेच होता, तो परत आला. म्हणजे तुझ्यामुळे तुझा भाऊ वाचला. हे त्याला समजतं, म्हणूनच तो तुझ्यावर जास्त चिडला आहे.

पारितोषिक ठरल्याप्रमाणे मिळालं. निर्यात बंद पडल्यानंतर उत्कृष्ट निर्यातदाराचा मान. तो कोट घालून गेला, स्टेजवर चढला आणि उतरला. घरी आल्यावर ते मानचिन्ह त्याने कपाटावर ठेवलं, मग खाली काढलं, मग कपाटात ठेवलं. दोन दिवस जेवला नाही. मी त्याला काही बोलले नाही. बोलायचं सगळं अंगणात पेट्यांच्या रूपाने रचून ठेवलेलंच आहे.

निम्मी माणसं सोडून गेली. मान खाली घालून शिक्के घासणारा तोही गेला, जाताना माझ्याशी बोलला नाही. ते मला लागलं, पण त्याचं बरोबर आहे.

तिसऱ्या दिवशी मी तुझ्या भावाकडे घणाच्या शेडची किल्ली मागितली. त्याने काय करणार विचारलं. मी म्हटलं, कात्र्या. त्याने किल्ली दिली. मिस्त्रींनी भट्टी पेटवली. सध्या गावातले शिंपी घेतात तेवढ्याच बनवतो. पगार पुन्हा उशिरा होतात. माझी खोली मात्र उघडी असते, आणि पाहुण्यांना दाखवायला नव्हे.

वहिनी


१५ जून

वहिनी,

आकडेवारी विभागात मी रुळले. इथे खिडक्या नाहीत. माल न बघता त्याच्याबद्दल लिहायचं असतं, तेव्हा खिडकीची गरजही नाही.

आज मंत्र्यांचं नवं भाषण ऐकलं. तुला वाटलं असेल निर्यात कोसळली म्हणून बिचारे तोंड लपवून बसले असतील. छे. ते म्हणाले, देशाची शेजाऱ्याकडून होणारी आयात निम्म्यावर आली, हे आपल्या धोरणाचं यश आहे. लेबलं डकवायला माल लागत नाही म्हणून कोणी मागवत नाही, त्याचं हे यश. पुन्हा टाळ्या. हा माणूस बुडत्या बोटीत उभा राहून समुद्र वर आला म्हणून आनंद मानेल.

आणि परदेशी माल रोखण्यासाठी जी समिती नेमली आहे, तिच्या यादीत दादाचं नाव आहे. अनुभवी माणूस म्हणून. मी हसत सुटले, शेजारच्या टेबलावरचे साहेब दचकले. एका अर्थी निवड चोख आहे. परदेशी माल कसा ओळखावा हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

तो माझ्याशी अजून बोलत नाही ना? बोलला तर कळव. नाही बोलला तरी कळव.

ठमा


२० जुलै

ठमाबाई,

समितीची बैठक झाली, बिस्किटं चांगली होती एवढंच तुझ्या भावाने घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या बैठकीला गेला नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. शेजारी देशातल्या. नाटकांचे कपडे बेततात, हाताखाली शिकणाऱ्या मुली आहेत. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी आपली कात्री घेतली होती. ती सहाणेवर झिजून झिजून बारीक झाली, म्हणून तिच्यावरचा शिक्का वाचत, बोटीने, विचारत विचारत इथवर आल्या. आपली भाषा तोडकीमोडकी बोलतात, पण पातं हातात घेतलं की बोलायची गरज पडत नाही.

अंगणातून आत येताना त्यांनी त्या पेट्या पाहिल्या. एका पेटीवर त्यांच्याच गावाचं नाव होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि हसायला लागल्या, इतक्या की त्याच पेटीवर बसल्या. म्हणाल्या, "आमच्या गावात या कोणी हातात धरत नाही. या बाहेर पाठवायच्या म्हणून बनवतात." मी मान खाली घातली. तुझा भाऊ दारात उभा होता, त्यानेही ऐकलं.

त्यांना दोन डझन कात्र्या हव्या होत्या. मी भाव सांगितला. तुझ्या भावाच्या तोंडून सवयीने निघालं की आणखी कमी करू. मी त्याच्याकडे पाहिलं, तो पावतीपुस्तक शोधायला लागला. बाईंनी मान डोलावली, भाव मान्य आहे म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्या सगळ्या स्वतः घडवल्या. मी चार परत केल्या, त्या त्यांनी न कुरकुरता पुन्हा केल्या. काल तुझ्या भावाने लाकडी पेटी आणली, आत कापूस भरला, एकेक कात्री स्वतः ठेवली आणि खिळे ठोकले. मग ब्रश घेऊन मला विचारलं, वर काय लिहू? मी म्हटलं, आत आहे ते. त्याला जरा वेळ लागला.

पेटी तुमच्याच बंदरातून जाणार आहे. तो म्हणाला, "ठमीला कळव." हे त्याने मला सांगितलं, थेट तुला नाही. पण सध्या एवढंच निघतंय त्याच्याकडून.

वहिनी


६ ऑगस्ट

वहिनी,

पेटी आली आणि गेली. आधी माझ्या विभागाची हकीकत सांगते.

शेजारी देशाला झालेल्या निर्यातीचा तक्ता माझ्याकडेच असतो. कात्र्यांच्या ओळीत मी तुमचा आकडा भरला. आमचे इथले साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, निर्यात. ते म्हणाले, तक्ता कोटींत असतो, एवढी लहान रक्कम त्यात दिसत नाही, तिथे शून्य घाला. मी सांगितलं की या वर्षी मी पाहिलेल्या निर्यातीत इथे खरोखर बनलेली वस्तू ही एकच आहे. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पुन्हा सांगितलं, शून्य.

बड्या देशाच्या छापील तक्त्यात वर्षाच्या पहिल्या तिमाहीची ती गोंद लावलेली निर्यात अजून तशीच आहे, आकडाही जाडजूड. ती कोणी खोडली नाही.

मी शून्य घातलं. मग मधल्या सुट्टीची वाट न बघता उठले, धक्क्यावर गेले, आणि दादाच्या अक्षरातली ती पेटी बोटीवर चढेपर्यंत तिथेच उभी राहिले. कोणीतरी विचारलं, बाई, तुमचा काही माल आहे का यात?

मी हो म्हटलं.

ठमा